ठुशीच्या वाढवलेल्या कड्या

रोटांचे गहू धुवून मी गच्चीवरच्या खाटेवर पसरले होते. श्रावणातलं ऊन ते, त्याचा काय भरवसा, घटकेत लख्ख आणि घटकेत झाकोळ. म्हणून शेजारीच खुर्ची टाकून राखण करत बसले होते. रविवारी आमच्या धुळ्याच्या घरी कानबाई बसणार होती. फोन वाजला. दिलीपभाऊंचं, म्हणजे माझ्या जळगावच्या धाकट्या दिरांचं नाव दिसलं आणि मी समजले की फोन पुष्पाचा आहे. हल्ली ती नवऱ्याच्याच फोनवरून बोलायची. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की ती भाऊंच्या कानात कुजबुजणार आणि भाऊ ते मला मोठ्याने सांगणार. त्या आठवड्यात तिने गव्हांची चौकशी करून माझा जीव नकोसा केला होता. मी फोन उचलला आणि 'हॅलो' न म्हणताच सुनावलं, "तिले सांगा, गहू धवाई गयात. आते पुन्हा इचारू नको म्हणा." भाऊ म्हणाले, "अक्का, पुष्पा गयी."

मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं. माझं वय सहासष्ट, पोस्टात उभा जन्म नोकरी केली, किती वाईट तारा हातून गेल्या असतील, आणि मी विचारलं, कुठे. कारण आठच दिवसांपूर्वी मी तिला बशीतून चहा पिताना पाहून आले होते. घोट घोट, पण स्वतःच्या हाताने. मानेवरची गाठ उतरली होती. आणि आमच्या घराण्याचं माप म्हणाल तर त्या मापानेही ती बरी झाली होती. ठुशी एक कडी आत आली होती.

ही ठुशी काय, ते आधी सांगायला हवं. आमच्या सासूबाईंना दोन मुलगे, दोन सुना. थोरली मी आणि धाकटी पुष्पा. दागिना म्हणावा असा त्यांच्याजवळ एकच होता, गळ्याला घट्ट बसणारी, बारीक मण्यांची जुनी ठुशी. पुष्पा लग्न होऊन आली त्या वर्षी मी फुरंगटून बसले होते, की आता ही नव्या नवरीच्या गळ्यात जाणार. तीही काही कमी नव्हती. आल्या आल्या विचारून मोकळी झाली, की ठुशी कोणाची? सासूबाईंनी दोघींना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "दोन सुना नि एक ठुशी. वरीसभर हिनाकडे, वरीसभर तिनाकडे. भांडशात ते कानबाईले दी टाकसू." झालं. त्यापुढे आम्ही भाजीच्या मिठावरून भांडलो, पोरांच्या मार्कांवरून भांडलो, कोणाच्या माहेरची पुरणपोळी पातळ यावरून तर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भांडलो, पण ठुशीवरून कधीच नाही. दरवर्षी श्रावणात कानबाईला आम्ही एकत्र जमायचो आणि तेव्हाच ठुशी हात बदलायची.

ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खान्देशात घरोघरी श्रावणातल्या रविवारी ती बसते. नारळाची देवी. नारळाला नाक, डोळे, नथ लावायची, लुगडं नेसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर न्यायची. गव्हाचे रोट हा तिचा प्रसाद, तो भाऊबंदांनीच खायचा. आमच्याकडे देवी सजवायची पुष्पाने, असं कधी ठरलं कोण जाणे. मला ते जमतच नाही, माझ्या हातची कानबाई तिरळी दिसते. पुष्पा मात्र मांडी घालून बसली, की बघता बघता नारळाला चेहरा यायचा. शेवटी ती ठुशी देवीला घालायची. नारळाचा घेर तो, बाईच्या गळ्याची ठुशी त्याला पुरणार कशी? मागे चांगली बोटभर फट राहायची. मग पुष्पा दोन्ही टोकांना लाल दोरा बांधून ती फट जोडायची आणि देवीला रागवायची, "माय वं, तुनी मान कितली जाड!" आम्ही सगळ्या हसायचो. हसता हसताच ती पहिलं गाणं उचलायची. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतल्या बाया चपला घालून निघायच्या. सकाळी देवी उठायच्या आधी दोरा सोडून ठुशी काढायची आणि ज्या सुनेची पाळी तिच्या हातात द्यायची. गेल्या श्रावणात ती पुष्पाकडे गेली होती.

वैशाखात तिच्या मुलाचं, योगेशचं लग्न होतं. लग्नाच्या तयारीत एक दिवस तिने ठुशी घालून पाहिली तर आकडा लागेना. ती जळगावची बाई, सोनाराकडे जायला तिला निमित्तच लागायचं. गेली आणि मागे कड्या वाढवून आणल्या. सोनार म्हणे, "वहिनी, सासू होणार म्हणून तब्येत सुधारली." तिने मला फोनवर हे सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. लग्नाच्या आदल्या दिवशी मी जळगावला पोचले तर पाहते, पुन्हा तीच तऱ्हा. वाढवलेल्या कड्याही पुरेनात. पुन्हा माणूस सोनाराकडे धाडला, पुन्हा कड्या. पुष्पा आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, "अक्का, मनी मान ते कानबाईसारखी व्हई गयी!" तिचा आवाज घोगरा झाला होता. हळदीची गाणी, आइस्क्रीम, डीजेवाल्याशी केलेली भांडणं... लग्नघरात आवाज बसलेला नाही अशी बाई दाखवा. लग्नाच्या फोटोत ती ठुशी घालून उभी आहे, हसते आहे, आणि आता पाहिलं की ठुशीच्या खाली, उजव्या बाजूला, गळा फुगलेला स्पष्ट दिसतो. त्या मांडवात पाचशे माणूस जेवून गेलं. पाचशेतल्या एकाला दिसलं नाही. सोनं बघायला मात्र प्रत्येक जण वाकला होता.

पाहुणे पांगले आणि तिला पाणी पिताना ठसका लागायला लागला. मग उताणं झोपलं की दम. भाऊंनी तिला दवाखान्यात नेलं, तिथून दुसऱ्या, तिथून कॅन्सरच्या. गाठीत सुई घालून तपासणी झाली आणि मला धुळ्याहून बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "थायरॉइडचे बहुतेक कॅन्सर संथ असतात, माणसं त्यातून वर्षानुवर्षं बरी राहतात. हा त्यातला नाही. हा फार वेगाने वाढतो." गाठीने श्वासनळीला वेढा घातला होता, त्यामुळे ऑपरेशन करून ती सोडवणं शक्य नव्हतं. मी कुठेतरी वाचलेलं ज्ञान पाजळलं, की थायरॉइडला आयोडीनचं औषध देतात ना? त्या म्हणाल्या, या पेशी आयोडीन घेतच नाहीत, म्हणून बाहेरून किरण द्यायचे, लवकरात लवकर. आणि मग त्या म्हणाल्या, "हे आपण करतोय ते त्यांचा श्वास आणि गिळणं शक्य तितके दिवस मोकळं राहावं म्हणून. आजार संपेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही." हे वाक्य मी ऐकलं, भाऊंनी ऐकलं, योगेशने ऐकलं. आणि आम्ही तिघांनीही ते तिथेच दवाखान्याच्या पायऱ्यांवर ठेवून दिलं. एवढं मोठं यंत्र, एवढे शिकलेले लोक; ते काय नुसता श्वास मोकळा करायला बसलेत होय?

पुष्पाने डॉक्टरांना आजाराचं नाव विचारलं नाही, किती दिवस ते विचारलं नाही. एकच विचारलं, "श्रावणापर्यंत गिळता येईल ना?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कानबाई, रोट, प्रसाद असं काहीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याचसाठी तर प्रयत्न करतोय." बाहेर आल्यावर पुष्पाने माझा हात धरला. तिच्या मनात घासापेक्षा मोठी गोष्ट होती, ती मला तेव्हा कळली. आमच्यात सुतक पडलं की त्या वर्षी कानबाई बसत नाही. सासूबाईंच्या आधीपासून ती आमच्या घरात खंडली नव्हती. सासूबाई स्वतःसुद्धा गेल्या त्या शिमग्यात. पुष्पा म्हणाली, "अक्का, कानबाईपावत माले काही व्हवाले नको. मनामुये सुतक पडनं ते कानबाई कशी बसी? मंग काय व्हवाचं शे ते व्हवो." मी तिला रागावले. "काही होत नाही तुला, उगाच अभद्र बोलू नको," म्हणाले.

किरणांसाठी आधी मुखवटा करतात. जाळीचा पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा असतो, गरम पाण्यात तो मऊ होतो. मग चेहऱ्यावर आणि खांद्यांपर्यंत दाबून बसवतात आणि गार झाला की त्या माणसाच्याच घाटाचा कडक मुखवटा तयार. रोज तो घालून डोकं टेबलाला पक्कं करायचं, म्हणजे मान तसूभर हलत नाही आणि किरण नेमके गाठीवर पडतात. त्यासाठी गळा मोकळा लागतो. तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, मंगळसूत्र काढावं लागेल." पुष्पाने चक्क नकार दिला. "नवरा बाहेर बाकवर बसेल शे, नि मी गया मोकया करू?" ती मुलगी बिचारी नवीन असावी, ती बाहेर येऊन मला सांगायला लागली. शेवटी मीच आत गेले, मंगळसूत्र काढलं आणि तिच्या डाव्या मनगटाला तीन वेढे देऊन बांधलं. तशी ती कबूल झाली. पुढे रोज भाऊ बाहेर तिच्या मनगटाला मंगळसूत्र बांधायचे आणि परत आली की गळ्यात घालायचे. माझ्या दिराने जन्मात बायकोच्या हातातली पिशवी घेतली नव्हती. रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून बघायच्या, आणि भाऊ खाली मान घालून गाठ मारत राहायचे.

मुखवटा पहिल्यांदा घालून आली तेव्हा तिच्या गालांवर जाळीचे वळ उठले होते. मी विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, "आपन नारयले नाक-डोया लाईसन देवी करतस. यास्नी मना चेहराना नारय करी टाका." आणि हसायला गेली, तर दम लागला. उताणं पडणं हीच तिला मोठी शिक्षा होती. सूज उतरायची इंजेक्शनं देऊन, थोडा थोडा दम खात ती त्या टेबलावर पडायची. यंत्र फिरायचं तेवढा वेळ आत दुसरं कोणी नसतं. ती मनातल्या मनात कानबाईची गाणी म्हणायची, म्हणे. एका गाण्यात यंत्र थांबतं, असा तिचा हिशेब होता. मी म्हटलं, गाणं लांबवू नको हं, तुझी सवय आहे.

दुसऱ्या आठवड्यात गळ्याची कातडी काळी पडली, घशात आग व्हायला लागली, तोंडाची चव गेली. पाणी घोटताना डोळ्यांतून टिपं यायची. योगेशची नवी बायको मयूरी, हातावरची मेंदी पुरती उतरली नव्हती त्या पोरीच्या, ती भगरीची पातळ पेज करायची आणि चमच्या-चमच्याने सासूला भरवायची. पुष्पा एका चमच्याला एवढा वेळ लावायची की पेज गार व्हायची. ती पोर पुन्हा गरम करून आणायची. मी धुळ्याहून बसने जायची, दोन-चार दिवस राहायची, यायची. पारोळा मागे पडलं की मी मनाशी म्हणायची, आज काय पाहायला मिळतंय.

आणि मग किरण संपले, आणि गाठ उतरायला लागली. खोटं नाही सांगत. फुगलेला गळा दिवसागणिक मऊ, लहान होत गेला. ती उशीला टेकून झोपायला लागली. चहा प्यायली. आम्हाला कोण आनंद! भाऊंनी गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते. डॉक्टरीणबाईंनी नवी तपासणी करून सांगितलं होतं, की फुप्फुसांत डाग आहेत, तिथे किरणांनी काही होत नाही. तेही आम्ही ऐकलं. पण फुप्फुस कोणाला दिसतं? आम्हाला गळा दिसत होता. मी शेवटची गेले त्या दिवशी पुष्पाने मयूरीला ठुशी आणायला लावली. कातडी नाजूक झाली होती म्हणून आधी मऊ धोतराची पट्टी गुंडाळली आणि वर ठुशी घातली. आकडा शेवटच्या कडीत लावला तर ठुशी सैल. एक कडी आत घेतली तेव्हा बसली. "दखा अक्का, एक कडी मझार उनी!" तिच्या त्या फाटक्या आवाजात ती ओरडली म्हणायचं. भाऊ डोळे पुसत आतल्या खोलीत गेले. जगात लोक रिपोर्ट बघून समाधान मानतात, आम्ही ठुशीच्या कडीवरून तिला बरी ठरवली. निघताना मी तिला सांगितलं, "रोट दुधात कालवून, गाळून देईन, पण तुझा घास चुकणार नाही." ती म्हणाली, "मी बसीसन कानबाई सजाडसू. तुम्ही सजाडशात ते तिरयी करशात."

ती गुरुवारी गेली. पहाटे खोकल्याची उबळ आली, ती थांबलीच नाही. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. गळ्याने नाही दगा दिला. गळा मोकळाच होता, डॉक्टरांनी शब्द दिला होता तेवढा त्यांनी पाळला. ज्याकडे आम्ही पाहिलंच नाही तिथून तो आजार आला. आणि गुरुवार... अवघे तीन दिवस राहिले होते कानबाईला. तिला ज्याची भीती होती तेच झालं. सुतक पडलं.

जळगावला पोचले तेव्हा तिला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून ठेवलं होतं. मी रडले नाही. मला रडूच येईना, सगळा वेळ मला वाटत होतं की ही उठून विचारील, गहू वाळले का. बायांच्या घोळक्यात आमच्या भाऊबंदातली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "दोन-चार दिन काढी लेती ते कानबाई व्हई जाती." मी तिथेच उभी राहिले. "ती काय मुद्दाम मरनी का?" मी म्हटलं. "तिनी काढात तितला दिन काढात. तुम्ही एक दिन तसा श्वास लीसन दखाडा." त्या म्हातारीचा मला आजही राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. कारण ती जे बोलली ते पुष्पाच्याही मनात शेवटपर्यंत असणार. मरताना बाईला आपण कोणाचातरी सण मोडतोय असं वाटावं, याहून वाईट ते काय?

धुळ्याला परतले तर गहू गच्चीवर तसेच होते. पाऊस येऊन गेला होता, अर्धे चिमण्यांनी खाल्ले होते, उरलेल्यांना मोड आले होते. त्या रविवारी गल्लीत घरोघरी कानबाई बसली, ढोल वाजले, आणि आमच्या दारात दिवा नव्हता. पुष्पा नाही हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा खरं वाटलं. मग मी रडले, अगदी पोटभर.

तेराव्याला मयूरीने माझ्या हातात एक डबी ठेवली. आत ठुशी. म्हणाली, "आईंनी सांगून ठेवलं होतं. यंदा पाळी अक्कांची आहे, कानबाई बसो न बसो, ठुशी त्यांना द्यायची." डबीत गेल्या वर्षीचा लाल दोराही होता, पुष्पाच्या हातच्या गाठीसकट. मी परवा ती इथल्या सोनाराकडे नेली. गळ्याला लावून पाहिली तर गळ्याखाली लोंबली. सोनार म्हणाला, "कड्या फार झाल्यात, काढून टाकू? पूर्वीसारखी बसेल." त्याच्या हातात पक्कड होती. त्या कड्यांमध्ये काय आहे ते त्याला मी काय सांगू? अख्ख्या लग्नघराने, सोनाराने, मी, तिने स्वतः जे हसून साजरं केलं ते आहे ते. मी म्हटलं, "राहू द्या." त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

घरी आले. घटस्थापनेसाठी आणलेला नारळ ओट्यावर होता. का ते माहीत नाही, पण मी ठुशी त्याच्याभोवती लावली. मला वाटलं होतं की कमी पडेल, नेहमीसारखी. हात सवयीने दोरा शोधायला डबीकडे गेलासुद्धा. पण दोन्ही टोकं मागे येऊन भेटली. आकडा शेवटच्या कडीत बसला, घट्ट नाही, सैल नाही. आता ही कोणा बाईच्या गळ्याची राहिली नाही. पुढच्या श्रावणात कानबाई बसेल, मी सजवीन, तिरळी होईल ती होवो. ठुशी तिला पुरेल. दोरा लागायचा नाही.